टेकडीखालच्या श्वानमैदानाला दुसरं फाटक हवं आहे

सर्व श्वानपालकांना आणि मैदानाशेजारच्या रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मैदानात नऊ-दहा कुत्री मोकळी खेळत होती. एक गृहस्थ आपल्या लॅब्रडॉरला घेऊन आत शिरले. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात फोन, आणि फाटकाची कडी लावायची राहून गेली. चिंगी, म्हणजे आपली तांबूस, एका कानाचं टोक दुमडलेली गावठी कुत्री, त्या फटीतून निसटली ती थेट रस्त्यावर. बसच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. तिला सांभाळणाऱ्या आजी चपला तिथेच टाकून मागे धावल्या. तासाभराने चिंगी सापडली, एका उभ्या रिक्षाखाली, पोट जमिनीला चिकटवून थरथरत बसलेली. आजींनी हात पुढे केला तर गुरगुरली. आजींवर ती याआधी कधीही गुरगुरली नव्हती. अजूनही मैदानाचं फाटक दिसलं की ती रस्त्यातच बसकण मारते, पुढे येत नाही.

त्या गृहस्थांना दोष द्यायला हे लिहीत नाही. कडी लावायला कुणीही विसरेल. पण एकाच्या विसरण्याने मुक्या जिवाचा प्राण जाईल अशी आपल्या मैदानाची रचना आहे, ती आपल्याला बदलायची आहे.

सध्याच्या फाटकाच्या आत सहा-सात फुटांवर दुसरं फाटक बसवायचं आणि दोन्हींच्या मधली जागा जाळीने बंद करायची, असं समितीने ठरवलं आहे. बाहेरचं फाटक लावून घ्यायचं, मधल्या जागेत पट्टा सोडायचा, मगच आतलं उघडायचं. दोन्हींपैकी एक कायम बंद. याचा आणखी एक मोठा फायदा आहे. आज नवं कुत्रं आलं की आतली सगळी फाटकाशी घोळका करतात, आणि बहुतेक भांडणं तिथेच लागतात. पट्ट्याला बांधलेलं कुत्रं मोकळ्या कुत्र्यांमध्ये सापडलं की त्याला मागे सरता येत नाही, पळता येत नाही. मग ते दात दाखवतं. मधल्या जागेत दोन मिनिटं थांबलं, जाळीतून एकमेकांचा वास घेतला गेला, की तो ताण बराच उतरतो. तेवढ्या वेळात आतल्यांनी आपापल्या कुत्र्याला हाक मारून मागे घ्यावं, ही विनंती.

या कामाला लोखंडी फाटक, आपोआप मिटणारी स्प्रिंगची बिजागरी, खांब, जाळी आणि थोडं काँक्रीट लागेल. प्रत्येक श्वानपालकाने निदान ५०० रुपये द्यावेत, ज्यांना शक्य आहे त्यांनी जास्त. रक्कम खजिनदारांकडे द्या आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका. आलेला आणि खर्च झालेला प्रत्येक रुपया मैदानाच्या फलकावर लिहिला जाईल. पैसे देणं जमत नसेल तर उरलेली जाळी, सिमेंटची अर्धी गोणी, वेल्डिंग करणारा ओळखीचा माणूस, यातलं काहीही चालेल. आणि फाटक बसल्यावर पहिला महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकेक तास तिथे उभं राहून लोकांना सवय लावणारी माणसं हवी आहेत. माझ्या मते पैशांपेक्षा याचीच गरज जास्त आहे.

मैदानात आल्यावर आपलं लक्ष कुत्र्यावर हवं. पुढचे पाय जमिनीला टेकवून, पार्श्वभाग वर करून ते समोरच्याला बोलावत असेल तर तो खेळ आहे, खुशाल खेळू द्या. पण अंग ताठ झालं, शेपूट उंच थिजली, नजर एका जागी रोखली गेली, तर गुरगुर ऐकू यायची वाट पाहू नका. लगेच हाक मारून बाजूला न्या. खाऊ आणि लाडका चेंडू मैदानात आणूच नका, त्यावरूनही भांडणं होतात. काटेरी गळपट्टा आत शिरण्याआधी काढा, दुसऱ्या कुत्र्याचा जबडा त्यात अडकतो. माजावर आलेल्या मादीला त्या दिवसांत घरीच ठेवा. जुंपलीच तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी फेका, म्हणून नळाशी दोन बादल्या कायम भरून ठेवल्या आहेत.

पिल्लांबद्दल कळकळीने सांगतो. लसींचे सगळे डोस पूर्ण होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पिल्लाला मैदानात आणू नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा हगवणीचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही. रक्ताची हगवण लागलेलं दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू सलाईनवर पाहिलं आहे. पुन्हा पाहायची इच्छा नाही. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या आजाराची, भीती असते. घरी गेल्यावर कानांच्या आत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड शोधा. शी उचलायला जुना पेपर खिशात असू द्या. शीतून जंतांची अंडी मातीत जातात आणि त्याच मातीत शेजारची मुलं अनवाणी खेळतात. मैदानाबाहेरच्या गल्लीतही हाच नियम. त्या गल्लीतले रहिवासी दोन वर्षं आपल्याला सांभाळून घेत आहेत, त्यांच्या दारात घाण राहणं आपल्याला शोभत नाही.

पुणे महापालिकेचा श्वान परवाना काढताना रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतंच. त्याची एक झेरॉक्स समितीकडे द्या. आणि कुणाला दात लागला, अगदी ओरखडा उठला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. कुत्रं लस दिलेलं आहे, ओळखीचं आहे, म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपचार नाही, पण वेळेत धुतलेली जखम आणि वेळेत घेतलेली लस माणसाला वाचवते.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता खांबांसाठी खड्डे खणायला सुरुवात करतो आहोत. पहार, फावडं, घमेलं, जे असेल ते घेऊन या. चिंगीच्या आजी सगळ्यांसाठी चहा आणणार आहेत. त्या दिवशी कुत्र्यांना मात्र घरीच ठेवा, फाटक दिवसभर उघडं राहील.

आपली,
श्वानमैदान समिती