फ्रेड कुमेरो आणि तुझं लोणी

प्रिय विनय,

पत्र मिळालं. ट्रान्स फॅटविरुद्ध लढलेले शास्त्रज्ञ फ्रेड कुमेरो यांच्याबद्दल वाचून तू पुन्हा लोण्यावर ताव मारायला लागलास म्हणे! माणूस मात्र भारी निवडलास.

जन्म १९१४ चा, बर्लिनचा. लहानपणीच अमेरिकेत आले आणि पुढे इलिनॉय विद्यापीठात हयात घालवली. माणसाच्या शरीरातल्या ऊतींमध्ये ट्रान्स फॅट सापडतं, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९५७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं. वनस्पती तेल घट्ट करायला निकेलच्या मदतीने त्यात हायड्रोजन मिसळतात. ही प्रक्रिया अर्धवट थांबवली की काही रेणूंची ठेवणच बदलते, तेच हे फॅट. माल टिकाऊ होतो, कारखानदार खूश. त्या काळी सगळ्यांचा रोख होता संपृक्त चरबीवर, म्हणजे लोण्या-तुपात असते त्या चरबीवर. लोणी टाकून मार्गारिन (वनस्पती तेलाचं कृत्रिम लोणी) खाणारे स्वतःला शहाणे समजत होते, आणि त्या मार्गारिनमध्येच ट्रान्स फॅट! कुमेरो हे ओरडून सांगत राहिले, ऐकतो कोण? १९९० मध्ये डच संशोधकांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की ट्रान्स फॅटने एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढतं, वर एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) घटतं. तेव्हा कुठे वारं फिरू लागलं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. २००९ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, या गृहस्थांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे बंदीसाठी अर्ज केला. दाद लागेना, तर २०१३ मध्ये सरळ खटला भरला! (आपण साधी तक्रार करायचाही कंटाळा करतो.) अशी तेलं सुरक्षित मानता येत नाहीत, असा निर्णय २०१५ मध्ये आला, तेव्हा म्हाताऱ्याने शंभरी गाठली होती.

आता तुझ्या लोण्याचं. दोष कोलेस्टेरॉलचा नाही, ऑक्सिडीकरण झालेल्या (ऑक्सिजनशी संयोग होऊन बिघडलेल्या) कोलेस्टेरॉलचा, असं कुमेरो म्हणत. स्वतः लोण्यात परतलेली अंडी खात. ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल धमन्यांना बाधतं, हे खरंच आहे. पण संपृक्त चरबीने एलडीएल वाढतं, हेही प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. ट्रान्स फॅटबाबत त्यांच्या बाजूने पुरावा उभा राहिला. लोण्याबाबत तेवढा नाही. आणि ते १०२ वर्षं जगले, हा पुरावा धरू नकोस. तसे विडी ओढून नव्वदी गाठणारेही असतात.

तेव्हा आधी तुझा लिपिड प्रोफाइलचा (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा) रिपोर्ट पाठव. त्यात एलडीएल किती आहे ते बघू, मग लोण्याचं ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत