खारपाणपट्ट्यातल्या गोड पाण्याबद्दल

आदरणीय भाऊ आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव विचारायचे राहून गेले, हे शेगाव जवळ येईपर्यंत माझ्या लक्षातही आले नाही. मोबाईल नंबर मागितला तेव्हा तुम्ही “काहाले पाह्यजे?” म्हणून हसून विषय टाळलात आणि मीही उन्हाच्या आणि उशिराच्या धांदलीत आग्रह धरला नाही. म्हणून हे पत्र पत्त्याशिवाय, सर्वांसमोर लिहितो आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दर्यापूरहून अकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, दोन कडुनिंबांखाली, रत्नागिरी पासिंगची एक पांढरी गाडी ज्यांनी दुरुस्त करून दिली, त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या वाचनात हे आले, तर त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवावे, एवढी विनंती.

आम्ही जगन्नाथपुरीहून परतत होतो. वडिलांचे वय शहात्तर, आणि पुरीला जायचे तर गाडीनेच, वाटेतला मुलूख पाहत, असा त्यांचा हट्ट होता. ओडिशातल्या पारादीपपासून सुरतेजवळच्या हजिऱ्यापर्यंत जाणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आम्ही संबळपूरच्या बाजूला धरला होता आणि रायपूर, नागपूर करत त्या दिवशी सकाळी अमरावतीत पोहोचलो, तेव्हा घरून निघाल्यापासूनचे अडीच हजारांहून अधिक किलोमीटर झाले होते. खरे सांगायचे तर मला महामार्ग सोडायचा नव्हता. याच महामार्गावर अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान, लोणी ते माना या टप्प्यात, जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात नोंद झाली होती, आणि त्या गुळगुळीत रस्त्यावरून गाडी हाकण्याची मला पोरकट म्हणावी अशी उत्सुकता होती. पण वडिलांना वलगावला पेढी नदीच्या काठी थांबायचे होते. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी तिथे देह ठेवला. आमच्या आजोबांनी बाबांचे कीर्तन ऐकले होते आणि त्यानंतर ते आयुष्यभर स्वतःचे अंगण स्वतः झाडत, ही आमच्या घरातली जुनी आठवण. त्यामुळे वलगाव, दर्यापूर, अकोट आणि तेल्हाऱ्यावरून शेगाव असा आडमार्ग ठरला, आणि त्या आडमार्गामुळेच तुमची गाठ पडली.

माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला तुमचा पयनघाट, म्हणजे वऱ्हाडातला हा सपाट मुलूख, पहिल्यांदा पाहताना काय वाटते, हे तुम्हाला कदाचित गमतीचे वाटेल. आमच्याकडे सरळ रस्ता म्हणजे दोन वळणांच्या मधला तुकडा. इथे पूर्णा नदी ओलांडल्यावर जमीन जी पसरली, ती पसरलीच. ना चढ, ना उतार, ना दरी. उत्तरेला मेळघाटाची निळसर रेघ उन्हाच्या धुरकटीत मधूनच दिसायची आणि मधूनच पुसली जायची. बाकी तिन्ही बाजूंना आभाळ थेट जमिनीला टेकलेले. पिके निघून गेली होती. काळ्या रानात पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्यांचे, ढीग रचून ठेवलेले, आणि जमिनीला अशा भेगा, की मुलीने गंमत म्हणून एका भेगेत हात घातला तर तो कोपरापर्यंत आत गेला. दर्यापूरजवळ बनोसा स्थानकाच्या परिसरात मूर्तिजापूर ते अचलपूर या ‘शकुंतला’ गाडीचे अरुंद रूळ दाखवण्यासाठी मी गाडी थांबवली. गंजलेले रूळ गवतात लपलेले पाहून वडील म्हणाले, “या रुळांवरून इथला कापूस गेला आणि माणसे मागे राहिली.” हे वाक्य त्यांनी कुठे वाचले की त्यांना तिथेच सुचले, कोण जाणे.

दर्यापूर मागे पडून थोडाच वेळ झाला होता, तोच तापमानाचा काटा वर चढू लागला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि पुढच्या गावापर्यंत निभेल असा हिशेब केला. तो साफ चुकला. बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, आणि नजर पोहोचेल तिथवर सावली म्हणावी अशी जागा फक्त तुमच्या धुऱ्यावरच्या त्या दोन झाडांखाली होती. दोन दिवसांपूर्वी वाटेतल्या एका गॅरेजमध्ये मी रेडिएटरचा वरचा पाइप दाखवला होता. “काही होत नाही, कोकणापर्यंत आरामात जाईल,” असे तिथल्या मेस्त्रीने सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला, हा माझा दोष.

तुम्ही गोठ्याकडून आलात ते गाडीकडे न पाहता आधी वडिलांकडे. “बाबाजीले सावलीत बसवा पह्यले,” हे तुमचे पहिले वाक्य. वहिनींनी बाज आणून टाकली, तिच्यावर गोधडी अंथरली, रांजणातल्या पाण्यात फडके भिजवून वडिलांच्या मानेवर ठेवले आणि कैरीचे पन्हे करायला त्या आत गेल्या. मी घाईने रेडिएटरचे झाकण उघडायला निघालो तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. त्या क्षणी मला थोडा रागच आला होता, हे आज कबूल करतो. ते झाकण उघडले असते तर उकळते पाणी तोंडावर आले असते, हे एरवी मला माहीत असलेले ज्ञान त्या घाबरगुंडीत डोक्यातून पार निघून गेले होते. तुम्ही ओले गोणपाट त्यावर टाकलेत आणि आपण पाऊण तास नुसते थांबलो.

त्या पाऊण तासात मी जी चूक केली, तिच्याबद्दल हे पत्र आभाराइतकेच माफीचेही आहे. वहिनींनी तांब्याभर पाणी दिले. मी चूळ भरली, तोंडावर दोन हबके मारले, थोडे प्यालो आणि उरलेले अर्धे पाणी, घरी माडाच्या बुंध्याशी ओतावे तसे, सवयीने झाडाच्या मुळाशी फेकून दिले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तांब्या माझ्या हातातून घेतला, तळाशी राहिलेले घोटभर पाणी मडक्यात परत ओतले आणि तांब्या आत नेऊन ठेवला. त्यांच्या त्या हालचालीचा अर्थ मला अर्ध्या तासाने कळला.

तो कळला तुमच्यामुळे. इंजिन थोडे निवल्यावर मी बोअरच्या मोटारीकडे बोट दाखवून म्हटले, की एक बादली भरून घेऊ या. तुम्ही लगेच मान हलवलीत. “थे पानी नोका टाकू भाऊ, खारं हाय. रेडिएटर खाऊन टाकते.” आणि मग बाजेच्या कडेवर बसून तुम्ही मला तो सगळा पट्टा समजावून सांगितलात: पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा खारपाणपट्टा. नदीने आणून टाकलेला खोल, चिकण गाळ. त्यात पाणी सहजी मुरत नाही आणि जे मुरते ते क्षार घेऊन बसते. बोअर मारला तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकाला दिले तर जमीनच दगडासारखी आवळून धरते. पाण्यावर उभे राहूनही कोरडवाहूच शेती करायची, पावसाळ्यात कपाशी आणि तूर, आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा. तुमच्या मागच्या शेततळ्यात तळाशी चिखलच तेवढा राहिला होता. नळाला पाणी किती दिवसांनी येते हे तुम्ही सांगितलेत, तेव्हा आमची मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी फेकलेले पाणी तिनेही पाहिले होते. आमच्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही वैशाखात विहिरी तळ गाठतात, टँकर येतात, त्यामुळे टंचाई मला नवी नाही. पण पायाखाली पाणी असून तहानलेले राहणे, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हे सगळे सांगून झाल्यावर तुम्ही उठलात आणि घरात लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी विकत आणून ठेवलेला, वीस लिटरचा पाण्याचा जार खांद्यावर घेऊन बाहेर आलात. मी नको म्हणालो. तुम्ही ऐकले नाही.

पुढची दुरुस्ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पाइप जिथे रेडिएटरला बसतो तिथेच, क्लिपच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा चिरला होता. तुम्ही विळ्याने तेवढा तुकडा साफ कापून टाकलात, कापलेली कड अंगठ्याने चाचपून पाहिलीत, पाइप ओढून पुन्हा नळीवर चढवलात आणि जुन्या क्लिपचे आटे झिजले आहेत हे पाहून तुमच्या मोटारीच्या पाइपाची क्लिप काढून ती इथे आवळलीत. तुमची मोटार आता कशी चालणार, असे मी विचारले तर म्हणालात, पाऊस येईपर्यंत तिला काम काय आहे? मग जारमधले पाणी तांब्याने थोडे थोडे ओतत, मध्येच थांबून हाताने पाइप दाबत, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढत, तुम्ही जवळजवळ सहा लिटर पाणी त्या रेडिएटरमध्ये घातलेत. एक थेंब बाहेर सांडला नाही. वडील बाजेवरून हे सगळे पाहत होते आणि नंतर प्रवासभर त्याच तांब्याबद्दल बोलत होते.

जेवणाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लिहू लागलो तर पत्र संपणार नाही. ज्वारीची भाकर, चून म्हणजे आमचे पिठले, बुक्कीने फोडलेला कांदा आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. “तुमच्याइकडे मच्छी खातात ना, मंग हे कसं जाईन तुमाले?” असे वहिनींनी काळजीने विचारले आणि वडिलांनी उत्तरादाखल तिसरी भाकर मागितली. डॉक्टरांनी त्यांना दीड भाकरीची मर्यादा घालून दिली आहे.

पैशाचा विषय मी काढला तो चुकीच्या पद्धतीने काढला, हेही नमूद करतो. पाकीट हातात घेऊन उभा राहिलो. तुम्ही रागावला नाहीत, पण “पान्याचे काय पैसे घ्याचे?” हे म्हणताना तुमचा आवाज बदलला होता. मग पुरीहून आणलेल्या महाप्रसादाच्या कोरड्या भाताची पुडी वडिलांनी वहिनींच्या हातात ठेवली, आणि ती त्यांनी कपाळाला लावून घेतली, तेव्हा माझी सुटका झाली.

तुमच्या सांगण्याप्रमाणे साठच्या वर वेग नेला नाही, अकोट आणि तेल्हारा इथे थांबून क्लिप तपासली. काटा मध्यावरून हलला नाही. तेल्हाऱ्यानंतर सूर्य समोर आला आणि त्या सपाटीवर तो मावळताना इतका वेळ घेत होता, की आम्हाला डोंगराआड पटकन जाणाऱ्या सूर्याची सवय असल्याने मुलीने दोनदा विचारले, “अजून कसा आहे हा?” शेगावला समाधीचे दर्शन रात्री झाले.

रत्नागिरीला पोहोचल्यावर आमच्या मेस्त्रीने पाइप नवा बसवला आणि तुमची क्लिप काढून टाकायला निघाला. मी ती मागून घेतली. धुऊन, तेल लावून ती आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. पाऊस लागण्यापूर्वी तुम्हाला ती लागणार होती आणि ती मी परत केली नाही, ही बोचणी या पत्राचे अर्धे कारण आहे. तोपर्यंत तुम्ही नवी आणली असेल, याची मला खात्री आहे. तरीही दिवाळीच्या सुटीत, तुमच्याकडे कापूस वेचणीला आलेला असताना, ती घेऊन येण्याचा आमचा विचार पक्का झाला आहे. त्या दोन कडुनिंबांची खूण पुरेशी आहे. वहिनींसाठी आमसुले आणि कोकमाचे आगळ आणतो आहोत. वडिलांनी निरोप दिला आहे की चून त्या दिवशी होते तसेच तिखट असावे, आणि डॉक्टरांचा विषय कुणी काढू नये.

वहिनींना आणि घरच्या सर्वांना नमस्कार. लग्नघरातला जार आमच्यामुळे कमी पडला असेल तर क्षमा असावी.

आपला ऋणी,
पांढऱ्या गाडीतला रत्नागिरीकर