फळ्याकडे बघून बोलू नका हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी सहावीत आहे, कर्णबधिर आहे, दोन्ही कानांना मशीन. मशीन लावलं की सगळं ऐकू येतं असं लोकांना वाटतं, शाळेतल्या बाईंनाही तसंच वाटतं. पण मशीन नुसता आवाज मोठा करतं, मग तो पंख्याचा असो, बाकं सरकवल्याचा असो नाहीतर शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचा. त्या गोंगाटात ती निम्मं ओठांवरून पकडते आणि बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागल्या की तेही गेलं. आवाज न काढता आरशासमोर पाय, बाय, माय म्हणून बघा, कळतो का काही फरक?

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत नाहीतर पसंतीच्या स्पेशल शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवा असं सांगितलं आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असा नियमही केला. आमच्याकडे येतात एक मॅडम, कधीतरी. बिचाऱ्यांकडे एवढ्या शाळा आहेत की आल्या तरी फॉर्म, फोटो आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, झेरॉक्स यातच दिवस जातो.

आणि एक, आम्हाला सुरुवातीला सांगितलं होतं की खुणा करू नका, नाहीतर पोरगी बोलायचीच नाही. चार वर्षं पाळलं ते, आता स्वतःचाच राग येतो. शेवटी दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्राची डिक्शनरी मोबाईलवर सापडली, दहा हजार शब्द आहेत, फुकट. रोज रात्री दोघी बसून पाच-पाच शिकायचो. एक दिवस तिने हाताने विचारलं, आजी कुठे गेली? आजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, तिला कुणी धड सांगितलंच नव्हतं, म्हणजे सांगायला भाषाच नव्हती आमच्यात.

मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ ला निघाली आणि आमच्या तालुक्यात आज खुणांची भाषा येणारा एक शिक्षक नाही. विशेष शिक्षकांच्या जागा भरा, आणि आम्हा आईबापांसाठी तालुक्याला रविवारी साईन लँग्वेजचा क्लास सुरू करा, एसटीने येऊ आम्ही. बाईंनीही तोवर फळ्यावर लिहून झालं की आधी वर्गाकडे वळावं आणि मग बोलावं, त्याला कुठला जीआर लागत नाही.

- एक पालक