बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुने घर विक्रीस: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या एका सभासदांचे दांडिया बाजारातील दुसऱ्या मजल्यावरचे घर विकायचे आहे. इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, सागवानी तुळया आणि चुन्यातल्या जाड भिंती. सुरसागर तलाव चालत जाण्याइतका जवळ. घर मराठी कुटुंबाकडे जावे असे त्यांना मनापासून वाटते, मलाही वाटते.

घेणाऱ्यांनी भिंतींना सिमेंटचे प्लास्टर मात्र करू नये. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते; सिमेंट ती आत कोंडते, मग विटा भुसभुशीत होतात आणि तुळयांची टोके कुजतात. डागडुजी चुन्यानेच करणारा गवंडी शोधावा, थोडा महाग पडला तरी.

सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड, वारसांची नोंद आणि वेऱ्याच्या (महापालिकेच्या घरपट्टीच्या) पावत्या वकिलाकडून तपासून घ्या. भाग अशांत धाऱ्याखाली (दंगलप्रवण भागांतल्या मालमत्ता-विक्रीवर बंधने घालणाऱ्या गुजरातच्या कायद्याखाली) येत असेल तर दस्ताआधी कलेक्टरची परवानगी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून बयाणा देण्याआधीच विचारा. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. दस्त फक्त स्त्रीच्या नावे असेल तर नोंदणी फी माफ.

घर येत्या रविवारी सकाळी १० ते १२ बघता येईल. जिना उभा आहे, ज्येष्ठांनी सोबत कोणाला तरी आणावे. किंमत मालक समक्षच सांगतील. दलालांनी कृपया येऊ नये.

– चिटणीस