कपॅसिटर वाढवण्याआधी एक वर्गमूळ काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) घसरला की कपॅसिटर (तो सुधारणारे डबे) वाढवा, असा सल्ला आपल्या अंकातल्या लेखात लघुउद्योजकांना दिला आहे. नुसत्या मोटारी चालायच्या तेव्हा तो चालून जाई. आता वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत जिथे बघाल तिथे मोटारीचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसलेत, आणि तिथे तो अंगाशी येतो.

माझ्या देखभालीतल्या एका कारखान्याचं सांगतो, नाव नको. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, नेमप्लेटवर इम्पीडन्स (आतला अडथळा) ५ टक्के, कपॅसिटर ३०० केव्हीएआर (हे त्यांच्या क्षमतेचं एकक). सगळं सुरळीत होतं. बिलातला दंड वाचवायला ठेकेदाराने आणखी १०० घातले आणि डबे फुगू लागले. फ्यूज उडायचे, पॅनेलचं दार उघडलं की घूं घूं आवाज. ठेकेदार म्हणे, माल खराब आला. माल उत्तम होता!

हिशेब सोपा आहे. ५ टक्के इम्पीडन्स म्हणजे शॉर्ट सर्किट पातळी (शॉर्ट झाल्यास ट्रान्सफॉर्मर किती देईल ती) १००० भागिले ०.०५, म्हणजे २०,००० केव्हीए. तिला कपॅसिटरच्या ४०० ने भागा, वर्गमूळ काढा: ७.०७. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेवर दोघं मिळून करंट फुगवतात ती) पुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या सातपटीवर, ३५० हर्ट्झच्या आसपास. सहा पल्सचे, म्हणजे नेहमीच्या प्रकारचे ड्राइव्ह पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या तितक्या पटीची लहर) लाइनवर सोडतातच. सातव्याला आयतं घर मिळालं. ३०० वर हेच उत्तर ८.२, म्हणजे सातव्या आणि अकराव्याच्या मध्ये येत होतं, म्हणून निभावलं. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं त्या गावात एवढ्या वर्गमुळाचा कंटाळा का यावा?

कपॅसिटरच्या लाइनला ट्रू आरएमएस (हार्मोनिकसकट खरा करंट मोजणारा) क्लॅम्प मीटर लावा. डब्यावर छापलेल्यापेक्षा बरेच जास्त अँपिअर दिसले तर संशय घ्या. एपीएफसी (कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या) पॅनेलमध्ये स्टेप, म्हणजे कपॅसिटरचे गट, आत-बाहेर होतील तसा रेझोनन्सही सरकतो, तेव्हा रीडिंग भर पाळीत घ्या आणि जेवणाच्या सुट्टीतही घ्या.

उपाय म्हणजे कपॅसिटरबरोबर सिरीजमध्ये ७ टक्क्यांचा, तारेच्या वेटोळ्याचा रिअ‍ॅक्टर. मग ती जोडी १८९ हर्ट्झला ट्यून होते, पाचव्या हार्मोनिकच्याही (२५० हर्ट्झ) खाली, म्हणून ड्राइव्हच्या हार्मोनिकशी गाठ पडत नाही. मात्र कपॅसिटरवरचा व्होल्टेज साडेसात टक्के चढतो, म्हणून जुन्या ४४० व्होल्टच्या डब्यांना रिअ‍ॅक्टर जोडून देणाऱ्या ठेकेदाराला दारातूनच परत पाठवा. डबे जास्त व्होल्टचेच हवेत, उदाहरणार्थ ५२५ चे.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर,
दांडिया बाजार, वडोदरा