आकड्याऐवजी खेळांची यादी छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टीव्हीला जोडायचे जुन्या धाटणीचे व्हिडिओ गेम आणि त्यांत घालायच्या, एकात अनेक खेळ असलेल्या कॅसेट कोल्हापूरच्या बाजारात पुन्हा दिसू लागल्या आहेत. राजारामपुरीतील दुकानांपासून महाद्वार रोडवरील हातगाड्यांपर्यंत त्या मिळतात, आणि चाळिशीकडे झुकलेले पालक स्वतःच्या लहानपणीच्या ओढीने त्या मुलांसाठी विकत घेतात. या कॅसेटवर ‘९९९ इन १’, ‘९९९९ इन १’, क्वचित ‘९९९९९९ इन १’ असे आकडे ठळक छापलेले असतात. आकडा खोटा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि बहुधा घेणाऱ्यालाही. तरीही तो वर्षानुवर्षे तसाच छापला जातो. हा आकडा बंद व्हावा आणि त्याच्या जागी खेळांच्या नावांची यादी यावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

हे यंत्र मूळचे जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे. जुलै १९८३ मध्ये ते ‘फॅमिकॉम’ या नावाने बाजारात आले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जी यंत्रे घरोघरी पोहोचली ती बहुतांशी त्याच्या नकला होत्या, आणि आज नवी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांच्या पोटातही तीच नक्कल एका चिपमध्ये बसवलेली असते. जपानमध्ये फॅमिकॉमसाठी अधिकृतपणे निघालेल्या कॅसेटची संख्या हजार-अकराशेच्या घरात आहे. अमेरिकेत व युरोपात निघालेले पण जपानमध्ये न आलेले खेळ त्यांत मिळवले तरी बेरीज दोन हजारांपर्यंत जात नाही. म्हणजे जगभरातील कंपन्यांनी मिळून या यंत्रासाठी परवान्याने जेवढे खेळ काढले, त्यांच्या किमान पाचपट खेळ आपल्या हातगाडीवर काहीशे रुपयांत मिळतात, असा ‘९९९९ इन १’ कॅसेटचा दावा असतो!

माझ्या पुतण्याने घेतलेली अशी एक कॅसेट आम्ही स्क्रू काढून उघडली. पिवळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात एक आखूड हिरवी पट्टी, तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी मिळून साठ संपर्कपट्ट्या, आणि मधोमध डांबराचा थेंब पडून वाळावा तसा काळा गोळा. चिप त्या गोळ्याखाली गाडलेली असल्यामुळे ती कोणाची आणि किती क्षमतेची हे वाचण्याची सोय नसते. खोक्याचा उरलेला निम्म्याहून अधिक भाग रिकामा होता. टीव्हीवर लावल्यावर समुद्रकिनारा, उडणारे पक्षी आणि गुंगवणारे संगीत यांसह खेळांची यादी आली. पहिली काही पाने खरोखरच वेगवेगळ्या खेळांची होती. पुढे मात्र तीच मंडळी वेष पालटून येऊ लागली: मारिओ कधी दुप्पट उंच उड्या मारू लागला, कधी थेट मधल्याच टप्प्यातून सुरू झाला, कधी नुसते नाव बदलून आला. पुतण्याने चिकाटीने वहीत नावे उतरवली, तेव्हा वेगळे म्हणावेत असे खेळ शंभरीलाही पोहोचले नाहीत.

हे कसे साधतात ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात हुशारी आहे हे मान्य करायला हवे. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कॅसेटमधील प्रोग्रामचे एका वेळी ३२ किलोबाइट दिसतात आणि चित्रांसाठी वेगळे ८ किलोबाइट. १९८५ सालचा पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या मर्यादेत नेमका बसतो. तो सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे. रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ २४ किलोबाइटमध्ये मावतो आणि ‘गॅलेक्सियन’ तर अवघ्या १६ मध्ये. अनेक खेळांच्या कॅसेटमध्ये मोठ्या क्षमतेची चिप घेऊन तिचे असे कप्पे पाडतात. आपण मेनूतून ओळ निवडली की मेनूचा प्रोग्राम एका छोट्या जोडसर्किटमध्ये कप्प्याचा क्रमांक लिहितो, चिपचा तेवढाच भाग प्रोसेसरसमोर येतो आणि यंत्र आत्ताच चालू झाल्यासारखा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. काही स्वस्त कॅसेटमध्ये मेनूही नसतो. रिसेटचे बटण दाबावे तसा पुढचा खेळ येत जातो.

आकडा फुगतो तो या मेनूत. यादीतील एका ओळीला जागा लागते ती काही बाइटची: एक नाव, एक कप्पा क्रमांक, आणि खेळ कोणत्या टप्प्यावर व किती जिवांनिशी सुरू करायचा याची नोंद. ‘बॅटल सिटी’चे ३५ टप्पे आहेत, ‘सुपर मारिओ’चे ८ जगांत मिळून ३२. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र ओळ दिली की दोन खेळांचे ६७ ‘खेळ’ होतात आणि चिपमध्ये ६४ किलोबाइटपलीकडे फारसे काही भरावे लागत नाही. यादीचे शेपूट कितीही वाढवता येते. चार आकडी, सहा आकडी संख्या येते ती अशी.

यातून दुसरी एक गोष्ट घडते आणि ग्राहकाचे खरे नुकसान तिथे होते. मोठ्या आकड्यासाठी लहान खेळ सोयीचे असल्यामुळे मोठे खेळ वगळले जातात. १९८८ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा ३८४ किलोबाइटचा आहे, म्हणजे पहिला मारिओ त्याच्या जागेत नऊ वेळा बसेल. शिवाय त्याला खास नियंत्रक चिप लागते. जे लांब पल्ल्याचे खेळ अर्ध्यावर जतन करून दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचे, त्यांच्या मूळ कॅसेटमध्ये त्यासाठी बटणाएवढी बॅटरी असे. स्वस्त कॅसेटमध्ये ती सहसा नसते. मुलाच्या हाती येतात ते ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातले, दहा मिनिटांत उलगडणारे खेळ, आणि ते पुन्हा पुन्हा. आठवडाभरात यंत्र माळ्यावर जाते ते उगीच नाही.

आकडे फुगवण्याची खोड केवळ नकलाकारांची आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. अटारी या अमेरिकी कंपनीने १९७७ साली आपल्या यंत्राबरोबर दिलेल्या ‘कॉम्बॅट’ या कॅसेटवर २७ खेळ असल्याचे सांगितले होते आणि तेही रणगाडे व विमाने यांच्या लढाईचेच प्रकार होते. फरक एवढाच की, सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक प्रकार कशात वेगळा आहे याचा तक्ता छापलेला असे, त्यामुळे ग्राहकाला आकड्यामागचा माल तपासता येई. निन्टेन्डोने १९८८ मध्ये मारिओ आणि बदकांच्या शिकारीचा खेळ एका कॅसेटमध्ये दिला तेव्हा वर दोन्ही नावे होती. २०१६ साली त्याच कंपनीने जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती काढली, तिच्यात खेळ होते फक्त ३०, आणि तिसांचीही नावे जाहीर केलेली होती. ब्रिटनची ब्लेझ ही कंपनी २०२० पासून एव्हरकेड नावाच्या यंत्रासाठी मूळ हक्कधारकांकडून परवाने घेऊन अनेक खेळांच्या कॅसेट काढते. त्यांवरही नावे असतात. अर्थात खरा आकडा म्हणजे चांगला माल, असेही नाही. १९९१ साली अमेरिकेत ‘अॅक्शन ५२’ नावाची कॅसेट १९९ डॉलरला विकली गेली. तीत ५२ खेळ होते आणि त्यांतले बहुतेक इतके कच्चे की ती आजही वाईटपणासाठीच आठवली जाते.

मग आपल्याकडच्या कॅसेटवर नावे का नसतात? माझ्या मते आकडा छापला जातो तो नावे छापता येत नाहीत म्हणून. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचा दर्जा आहे, आणि १९८५ सालच्या खेळावरील हक्क अजून संपलेला नाही. नावांची यादी डब्यावर छापणे म्हणजे विनापरवाना काय काय उतरवून घेतले आहे त्याचा कबुलीजबाब छापणे होय, आणि अशा विक्रीसाठी कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैदेची आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. आकड्याला असा धोका नसतो. ‘९९९९’ या संख्येवर कोणी हक्क सांगायला येत नाही. म्हणून डबा बोलतो फार, पण सांगत काहीच नाही. याच कारणासाठी अनेकदा खेळाच्या पहिल्या पडद्यावरील मूळ कंपनीचे नाव व साल पुसून टाकलेले असते.

या पुसण्याबद्दल कोल्हापूरकरांना तरी वेगळे सांगायला नको. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे कोल्हापूरचा उल्लेख न करता आणली, तेव्हा इथले कारागीर, व्यापारी आणि तुमच्यासारखी वृत्तपत्रे एका सुरात बोलली, आणि ते योग्यच होते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते याच श्रेयासाठी. ज्या शहराला आपल्या हस्तकलेचे नाव गाळले गेल्याचा एवढा राग येतो, त्याने दुसऱ्याच्या कलाकृतीचे नाव गाळून केलेला धंदा बिनबोभाट चालू द्यावा, हे मला पटत नाही.

यावर ‘तीन-चारशे रुपयांच्या खेळण्यासाठी एवढा काथ्याकूट कशाला?’ असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. नव्वदच्या दशकात अधिकृत यंत्रे व कॅसेट आपल्यासारख्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात नव्हत्या, आणि नकला आल्या नसत्या तर एका अख्ख्या पिढीला मारिओ आणि काँट्रा हे खेळ माहीतही झाले नसते. त्या उपकाराची जाणीव मला आहे आणि या कॅसेटवर सरसकट बंदी घालावी असे मी सुचवत नाही. परंतु किंमत कमी आहे म्हणून वर्णन खोटे चालेल, हा न्याय आपण शेंगदाण्याच्या पुडीलाही लावत नाही. शिवाय नावे छापायची झाली तर परवाना घेतलेले खेळ किंवा हौशी मंडळींनी अलीकडे नव्याने लिहून मुक्तपणे वाटायला दिलेले खेळ भरावे लागतील. असे खेळ आज उपलब्ध आहेत.

नव्या कायद्याची त्यासाठी गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचे खोटे वर्णन करणारी किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, आणि वेष्टनावरील मजकूरही जाहिरातीतच मोडतो. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार डब्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि आयात मालावर मूळ देश असणे सक्तीचे आहे. मी पाहिलेल्या डब्यांवर यांतले बहुतेक रकाने कोरे किंवा गायबच होते. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम केंद्र सरकारच्या २०२१ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशातही येतात. त्यामुळे यंत्रावर भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर कोणालाही पडताळता येतो. मुले ज्या अॅडॉप्टरचा प्लग भिंतीत खुपसतात त्याच्या बाबतीत तर हा क्रमांक खेळांच्या आकड्याहून कितीतरी महत्त्वाचा आहे.

पालकांनी पक्के बिल मागावे आणि त्यावर कॅसेटचे वर्णन आकड्यासह लिहून घ्यावे. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही लागत नाही.

वजनमापे आणि वेष्टनावरील मजकूर तपासणाऱ्या जिल्ह्यातील वैधमापन शास्त्र विभागाने दिवाळीच्या खरेदीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घाऊक विक्रेत्यांकडील डब्यांची तपासणी करावी, कारण हातगाडीवाल्याला दंड करून काही साधणार नाही. त्याला माल येतो तसा तो विकतो. आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. सणासुदीच्या पुरवण्यांत अशा गेमच्या जाहिराती घेताना जाहिरातदाराकडून खेळांची यादी मागून घ्यावी, आणि ती न मिळाल्यास निदान जाहिरातीतील आकडा तरी वगळावा.

आपला,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर