नर्सिंगच्या वह्या: सही आहे, पण वाचलंय कोणी?

संपादक महोदय,

चवथीच्या आदल्या दिवशी भाची आमच्याकडे फोंड्याला आली. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली, मंडळी निजली आणि ही रात्री बारा वाजता जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसली. मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा, उतरवून काढणं चाललं होतं. पेशंटची आद्याक्षरं बदलली, वय ६५ चं ६२ केलं, बाकी सगळं तेच. मी हटकलं तर म्हणते, ‘‘मावशी, सगळ्यांचंच असं असतं. वाचतंय कोण?’’ तिला बोल लावायला माझी जीभ रेटेना. निवृत्तीपूर्वी काही वर्षं मी ट्यूटर होते आणि अशा वह्यांवर मीही गठ्ठ्याने सह्या ठोकल्या आहेत.

हे आज लिहायचं कारण असं की, विद्यार्थ्यांचं मूल्यमापन पोर्टफोलिओवरून, म्हणजे त्यांचं काम, टिपणं आणि शेरे एकत्र ठेवलेल्या संग्रहावरून करावं, असं आता नर्सिंगच्या शिक्षकवर्गात बोललं जातं. मला ते मनापासून पटतं. मात्र प्रोसिजर बुकालाच, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीलाच, नवं कव्हर घालून त्याला पोर्टफोलिओ म्हणणार असतील, तर मुलींचं जागरण तेवढं वाढेल.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली अभ्यासक्रम बदलला, चार वर्षांची आठ सत्रं झाली, क्रेडिट आले. लॉगबुकही आहे: कौशल्य कोणतं, स्वतः केलं की नुसतं पाहिलं, तारीख, सही. याची गरज आहेच. पण कॅथेटर (लघवीची नळी) घातला एवढंच त्यातून कळतं. तो पहिल्यांदा जाईना तेव्हा मुलगी काय करून बसली, कोणाला हाक मारली, पेशंटला काय सांगितलं, याला त्यात रकाना नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. परीक्षक समोर उभा असताना तिसरी पायरी दिसते. चौथी दिसायची तर महिनोन्‌महिन्यांचं काम एकत्र पाहावं लागतं. पहिल्या वर्षाचा केअर प्लॅन आणि तिसऱ्या वर्षाचा शेजारी ठेवा, मधले ट्यूटरचे शेरे वाचा, मुलगी कुठे वाढली ते लगेच कळेल.

एक वही मला अजून आठवते. एक म्हातारी, मांडीचं हाड मोडून पडलेली. पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं याच्या इनटेक-आउटपुट चार्टवर लघवी कमी. वहीच्या पुढच्या बाजूला पुस्तकातलं छापील निदान आणि ‘भरपूर पाणी द्यावे’. पानामागे मात्र पेन्सिलने मराठीत लिहिलं होतं की, उशाचा तांब्या सकाळी भरलेलाच असतो. विचारलं तर आजी म्हणाली, ‘‘रातीं कोणाक उलो मारूं, बाय?’’ (रात्री कोणाला हाक मारू, बाई?) बेडपॅन मागायला लागू नये म्हणून ती पाणीच पीत नव्हती. मुलीने दिवसा पाणी वाढवलं, दिवे मालवायच्या आधी न मागता बेडपॅन द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी चार्ट सुधारला. परीक्षेच्या दिवशी त्या पेन्सिलीच्या मजकुरावर लाल रेघ होती, ‘इंग्रजीत लिहा’. संपूर्ण वहीत परिचर्या म्हणावी अशी तेवढीच जागा होती!

म्हणून माझं पहिलं मागणं भाषेचं. औषधं, नोंदी, चार्ट इंग्रजीत असू देत. पण स्वतःच्या अनुभवावरचं टिपण मराठीत किंवा कोंकणीत लिहायची मुभा हवी. पेशंट ज्या भाषेत कण्हतो त्या भाषेत तो जास्त नीट ऐकू येतो.

दुसरं, चुकांच्या टिपणांना गुण देऊ नयेत. गुण लावले की मुली सोज्वळ चुका रचून लिहितील, आणि शेवटी ‘यातून मी खूप शिकले’. कामाचे पुरावे गुणांसाठी तपासा. चुकांचं पान फक्त ट्यूटरपाशी राहू दे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून नोंदणी चालू ठेवायला परिचारिकांना दर ३ वर्षांनी इतर गोष्टींबरोबर स्वतःच्या कामावरची ५ टिपणं लिहून दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी त्यावर बोलावं लागतं. त्यांना गुण नसतात. आपल्या कितीतरी मुली तिकडे कामाला जातात. ही सवय त्यांना इथेच का लागू नये?

पेशंटची ओळख झाकायची तर आपल्याकडे नाव खोडून भागत नाही. गाव, वय आणि आजार लिहिला की अर्ध्या तालुक्याला घर कळतं. गावसुद्धा लिहू नये.

राहिला वेळेचा प्रश्न. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरलेलं आहे. ते खरोखर पाळलं, तर प्रत्येक पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या नेमणुकीच्या, शेवटी एकेका मुलीला पंधरा मिनिटं समोर बसवून तिचंच एक पान तिच्याकडून वाचून घेता येईल. उतरवून काढलेलं असेल तर दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. त्या रात्री मी भाचीला एवढंच विचारलं, ‘‘तुझ्या बेडवर खरं कोण होतं गं?’’ तिने पेन ठेवलं आणि अर्धा तास बोलत राहिली. त्यातलं एक अक्षरही वहीत नव्हतं.

निदान एका वॉर्डच्या पोस्टिंगपुरतं महाविद्यालयांनी हे करून पाहावं, आणि सहीच्या रकान्याशेजारी सही करणारीने काय वाचलं ते लिहायला दोन ओळी सोडाव्यात.

– एक निवृत्त सिस्टर ट्यूटर, फोंडा